झोपाळा फर्निचरच्या यादीत लिहिला होता

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला मी वाईच्या साईटवर उभी होते, आईबाबांच्या घराचा स्लॅब रविवारी सकाळी ओतला जाणार होता, काँक्रीट ज्यावर ओततात त्या प्लेटा मारून झालेल्या, सळई बांधलेली, इलेक्ट्रिशियनचे पाईप आणि फॅनबॉक्स टाकून झालेले, फक्त कव्हर ब्लॉक (सळई प्लेटेपासून वर उचलून धरणारे छोटे ठोकळे) एकदा फिरून बघायचे राहिले होते. आईचे गुडघे दुखतात म्हणून ती वर न येता खालीच टेकूंच्या मधून वाट काढत फिरत होती, आणि हॉलच्या जागेवर येऊन तिनं खालून हाक मारली, "अगं, झोपाळ्याच्या कड्यांचे हूक कुठे टाकलेत?"

हूक टाकलेच नव्हते.

आईनं झोपाळा सांगितला नव्हता असं अजिबात नाही, अगदी पहिल्या दिवशी, प्लॅनची पहिली रेघ ओढायच्या आधी जेव्हा मी दोघांना बसवून काय काय हवं ते विचारलं तेव्हा तिनं पहिली गोष्ट झोपाळाच सांगितली होती आणि मी ती लिहूनही घेतली होती. वही काढून बघितली. लिहिलंय. पण फर्निचरच्या यादीत लिहिलंय, सोफा, दिवाण, टीव्ही युनिट, झोपाळा. सोफा घर झाल्यावर दुकानातून आणून ठेवता येतो, झोपाळा तसा ठेवता येत नाही, तो छताला टांगतात, आणि आरसीसीच्या छतात हूक सळईला बांधूनच टाकावा लागतो, काँक्रीट पडायच्या आधी. म्हणजे त्याची जागा छताच्या यादीत होती. अठरा वर्षं मी घरांचे प्लॅन काढायचं हेच काम करतेय, क्लायंटला पहिल्या मीटिंगमधे हेच समजावते, आणि स्वतःच्या आईच्या बाबतीत चुकले, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढायचं ठरवलंय. घर बांधताय, फ्लॅट घेताय, ऑफिस किंवा दवाखाना करताय, काहीही असो, आतल्या भिंती आणि छत कधी ठरवायचं हा विषय लोक फार उशिरा काढतात, रंग निवडायच्या वेळेला. तोवर भिंत उभी राहिलेली असते.

आमचं जुनं घर वाईतच, आजोबांच्या काळातला छोटा वाडा, दोन वर्षांपूर्वी उतरवला कारण लाकूड पार गेलं होतं. त्या घरात मी लहानाची मोठी झाले आणि आता मागे वळून बघते तेव्हा कळतं की त्या घराच्या भिंती नुसत्या खोल्या पाडायला नव्हत्या. दोन-अडीच फूट जाड भिंत, तिच्यात कोनाडे, देवळ्या, फडताळ, खुंट्या, सगळं भिंत बांधतानाच ठरलेलं. देवघराजवळची देवळी समईच्या उंचीची, सोप्यातला, म्हणजे ओसरीवरचा, कोनाडा कंदील ठेवायचा, स्वयंपाकघरातलं फडताळ बरोबर आजीच्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर, त्यात लोणच्याच्या बरण्या. दगडमातीच्या भिंतीत फडताळ नंतर खोदून करता येत नाही, म्हणजे बांधणाऱ्या माणसानं भिंतीचा पहिला थर लावायच्या आधीच विचारलेलं असणार की इथे कोण बसणार, काय ठेवणार. आणि वर कडीपाटाचं छत, म्हणजे लाकडी कड्या आणि त्यांवर फळ्या. तिथे तर मोजमापच छतापासून सुरू व्हायचं, घर किती खणांचं ते आधी ठरायचं, तीन खणी सोपा की पाच खणी, दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि लाकडाची लांबी जेवढी मिळेल तेवढाच खण, मग त्या खणांप्रमाणे खाली खोल्या. आज आपण उलट करतो, खोल्या आधी काढतो, बीम कुठे येईल ते स्ट्रक्चरल इंजिनियर ठरवतो, छताचं डेकोरेशन शेवटी. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, कधी गेलात तर वर बघा, कड्या कुठे संपतात आणि भिंत कुठे सुरू होते ते बघा, दोन्ही एकमेकांना विचारून केल्यासारखं दिसतं.

झोपाळाही छताच्या त्याच लाकडी कड्यांना टांगलेला होता. पितळी कड्यांचा, सागवानी पाटाचा. पाट ठेवलाय, कड्या ठेवल्यात. आईनं वाडा उतरवताना सगळ्यात आधी त्याच काढून घेतल्या होत्या.

तर शुक्रवारी. जागा बघितली तर अजून एक गोष्ट लक्षात आली. आईच्या मनात झोपाळा जिथे होता तिथे तो हॉल आणि बाबांच्या वाचायच्या खोलीमधल्या भिंतीकडे झुलणार होता, आणि ती भिंत झोपाळ्याच्या मध्यापासून साडेतीन फुटांवर येत होती. हिशोब करा, आठ फूट लांबीच्या कड्या, अगदी सावकाश झोका घेतला, पंचवीस अंश धरा, तरी पाट मधल्या रेषेपासून जवळजवळ साडेतीन फूट पुढे जातो, वर पाटाची अर्धी रुंदी एक फूट, वर माणसाचे पाय. पाच फूट तरी मोकळे हवेत दोन्ही बाजूंना. भिंत सरकवायची म्हटलं तर भिंतीच्या डोक्यावरचा बीम सरकवायला हवा, आणि बीमचा तळ, बाजू, सळई सगळं तयार, परवा काँक्रीट. आधी, कागदावर, हे काम पेन्सिलीनं झालं असतं, दीड फूट बीम सरकला असता, कुणाला काही कळलंही नसतं. आता शक्य नव्हतं. मग मी झोपाळाच नव्वद अंशात फिरवला, भिंतीला समांतर झुलेल असा, स्ट्रक्चरल इंजिनियरना फोन करून विचारलं, तीन माणसं आणि पाट मिळून अडीचशे-तीनशे किलो धरून त्यांनी १६ मिमी सळईचे चार हूक, खालच्या जाळीच्या वरून वळवून बांधायला आणि तिथे दोन दोन ज्यादा सळया टाकायला सांगितल्या. सळई बांधणारे दोघं घरी निघाले होते ते थांबले. अंधार पडेपर्यंत मोबाईलच्या उजेडात काम चाललं. आईला मात्र खिडकीतून नदीची बाजू बघत झुलायचं होतं, ते आता होणार नाही, ती भिंतीवरचे फोटो बघत झुलेल. ती काही बोलली नाही, "चालेल गं" म्हणाली, पण मला ते लागलंय.

असो, आता भिंतींबद्दल.

लोक मला विचारतात पार्टिशन कशाचं करू, वीट, सिपोरेक्स की जिप्सम. (पुण्याकडे कुठल्याही एएसी ब्लॉकला, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकला, सिपोरेक्सच म्हणतात, मीही तसंच म्हणणार.) याचं उत्तर वजनापासून सुरू करावं असं माझं मत आहे, कारण वजन हीच गोष्ट नंतर बदलता येत नाही. १० फूट लांब आणि १० फूट उंच भिंत घ्या, म्हणजे साईटच्या भाषेत बरोबर एक ब्रास. साडेचार इंची विटेची असेल तर दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसकट साधारण अडीच टन. चार इंची सिपोरेक्सची असेल तर प्लास्टरसकट एक टनाच्या आसपास. जीआय सेक्शनवर, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याच्या सांगाड्यावर, दोन्हीकडून साडेबारा मिमी जिप्सम बोर्ड मारलेली असेल तर पाव टन. तीच खोली, तेवढीच भिंत, आणि दहा पट फरक. ही भिंत खाली बीम असलेल्या जागी असेल तर विटेची असली तरी हरकत नाही, पण स्लॅबच्या मधोमध, जिथे खाली बीम नाही, तिथे "नंतर बघू, एक भिंत टाकून दोन खोल्या करू" असं जे म्हणतात तिथे हा अडीच टन येऊन बसतो. घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो चालत्या भारासाठी डिझाईन करतात, माणसं, सामान, कपाटं धरून. ज्या हलक्या पार्टिशन भिंतींची जागा ठरलेली नसते त्यांच्यासाठी भारतीय मानकात वेगळी सोय आहे, भिंतीच्या दर मीटर लांबीच्या वजनाचा एक तृतीयांश, आणि कमीत कमी चौरस मीटरला १०० किलो, एवढा भार आधीच धरायचा. म्हणजे "पुढे कधीतरी" हेसुद्धा आधीच सांगितलं तर त्याचा हिशोब होतो! फक्त इंजिनियरला सांगायला हवं. बाबांनी वरच्या मजल्यावर पुढेमागे भाड्यानं द्यायला दोन खोल्या कराव्यात असं ठेवलंय मनात, ते त्यांनी मला जेवताना सहज सांगितलं, मी त्याच रात्री इंजिनियरना कळवलं, तेवढी एक गोष्ट वेळेवर झाली.

दुसरं, जाडी. नऊ इंची, सहा इंची, साडेचार इंची, चार इंची, हे आकडे प्लॅनमधे दोन बारीक रेघा असतात त्यामुळे कुणाचं लक्ष जात नाही. पण रेराच्या २०१६ च्या कायद्यात कार्पेट एरियाची जी व्याख्या आहे तिच्यात बाहेरच्या भिंती धरत नाहीत, आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात. म्हणजे आतल्या भिंतीच्या जागेचे पैसे तुम्ही दिलेले असतात. साठ फूट लांबीच्या आतल्या भिंती नऊ इंचीऐवजी साडेचार इंची झाल्या तर साडेबावीस चौरस फूट जागा खोलीत येते, एक बऱ्यापैकी बाथरूमचा अर्धा भाग. मग सगळ्याच पातळ करूया की! तर तिथे अडतं. कारण भिंतीच्या पोटात काय काय जाणार ते बघावं लागतं.

आम्हाला शिकवलेला नियम असा की उभी झिरी, म्हणजे पाईप-वायरसाठी कोरलेली खाच, भिंतीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा खोल मारायची नाही आणि आडवी सहाव्या हिश्श्यापेक्षा. साडेचार इंची भिंतीत उभी झाली दीड इंच, आडवी पाऊण इंच. आता बाथरूममधे कन्सील्ड डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते ठरवणारा, भिंतीत लपवलेला व्हॉल्व्ह) बसवायचा म्हटला तर त्याची बॉडीच अडीच-तीन इंच आत जाते, आणि एक इंची पाईप आडवा न्यायचा तर पाऊण इंचात तो मावतच नाही. मग प्लंबर येतो, छिन्नी मारतो आणि पलीकडच्या बेडरूममधून उजेड दिसतो. हे मी अनेकदा बघितलंय. मग तिथे जाळी मारून सिमेंटचा मसाला भरतात, वरून पुट्टी, आणि दोन वर्षांनी बरोबर त्या पाईपच्या रेषेत तडा येतो. बाथरूमची एक भिंत, फक्त एक, जिच्यात सगळं पाणी जाणार ती, सहा किंवा नऊ इंची ठेवायची आणि बाकीच्या पातळ, एवढं प्लॅनमधे ठरलं की झालं. भिंतीला टांगलेलं कमोड हवं असेल तर त्याची टाकी लपवायला अजून पाचसहा इंच, त्यासाठी आईबाबांच्या घरात मी भिंतीपुढे साडेतीन फूट उंचीचा कट्टा काढलाय, त्यावर साबण ठेवायलाही जागा होते आणि बाबांना उठताना हात टेकायलाही.

बीम आणि भिंत यांचं नातं हा तर मला सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय आहे. बीम सहसा नऊ इंच रुंद, खालची भिंत सहा किंवा साडेचार इंच. म्हणजे कुठल्या तरी एका बाजूला तीन किंवा साडेचार इंचाची पायरी छताजवळ दिसणार. ती कुठल्या खोलीत दिसावी हे कुणीतरी ठरवायला हवं ना! ठरवलं नाही तर गवंडी ठरवतो, आणि तो बिचारा ओळंबा लावायला सोपी पडेल ती बाजू धरतो. मी प्रत्येक भिंतीला प्लॅनवर एक छोटा बाण काढते, भिंत बीमच्या कुठल्या कडेला सपाट ठेवायची त्याचा. हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत हॉलच्या बाजूनं सपाट, म्हणजे पायरी स्वयंपाकघरात जाते, तिथे वर कपाटं येतात आणि ती झाकली जाते. दोन बेडरूमच्या मधे असेल तर ज्या बाजूला वॉर्डरोब आहे त्या बाजूला पायरी. दहा बाण, पंधरा मिनिटांचं काम. हे बाण नसलेल्या घरात नंतर त्या पायऱ्या लपवायला फॉल्स सीलिंग करतात, लोकांना वाटतं शोभेसाठी केलंय.

दार उघडल्यावर त्याच्या मागे जाणारं स्विचबोर्ड, वॉर्डरोबला दोन फूट हवेत आणि भिंतीचा तुकडा एकवीस इंचांचा राहिलाय, गीझर चार इंची सिपोरेक्सवर, यावर प्रत्येकी एक पोस्ट होईल. गीझरचं एकच सांगते. पंचवीस लिटरचा गीझर म्हणजे पंचवीस किलो नुसतं पाणी, वर टाकीचं वजन, सिपोरेक्समधे साधे फिशर (स्क्रूसाठी भोकात ठोकायचे प्लास्टिकचे तुकडे) हळूहळू ढिले पडतात, तिथे आरपार बोल्ट लागतो, आणि आरपार म्हणजे पलीकडच्या खोलीत त्याचं डोकं दिसणार. जिप्समच्या भिंतीत टीव्ही, कपाट काहीही टांगायचं असेल तर बोर्ड मारायच्या आधी आत प्लायची पट्टी टाकावी लागते, बरोबर त्या उंचीवर. परत तेच, बोर्ड बंद झाल्यावर नाही.

आता आवाज. याबद्दल मला एक दवाखाना आठवतो. पुण्यातच, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर, काम आधी दुसऱ्या कुणीतरी केलेलं. त्यांनी मला बोलावलं ते "वेटिंगमधल्या खुर्च्या बदलायच्यात" म्हणून. मी वेटिंगमधे दहा मिनिटं बसले आणि आतल्या पेशंटचं सगळं बोलणं मला ऐकू आलं, सगळं, तिच्या घरातल्या गोष्टींसकट. बाहेर बसलेल्या बायका खाली बघत होत्या. मला इतकं वाईट वाटलं, ती बाई आत विश्वासानं बोलत होती. पार्टिशन चांगल्या बोर्डाचं होतं, दारही ठीक होतं. मग ग्रिड सीलिंगची एक टाईल उचलून बघितलं. पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंत येऊन थांबलं होतं! वर दोन फुटांची पोकळी, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सलग, तपासणीची खोली, वेटिंग, रिसेप्शन सगळ्यांच्या डोक्यावरून एकच. आवाज हलक्या टाईलमधून वर जाणार, पोकळीतून पलीकडे जाणार आणि दुसऱ्या टाईलमधून खाली उतरणार, त्याला भिंतीची पर्वाच नाही. कारण काय, तर आधी सगळ्या हॉलचं सीलिंग एकसंध करून घेतलं, ते लवकर होतं, आणि मग खालून पार्टिशन उभी केली. क्रम उलटा. आधी पार्टिशन स्लॅबपर्यंत, मग प्रत्येक खोलीचं सीलिंग वेगळं, एवढंच करायचं होतं. आम्हाला ते सीलिंग काढून पार्टिशन स्लॅबला भिडवावं लागलं, आत ग्लासवूल म्हणजे काचेची लोकर, दोन्ही बाजूंना दुहेरी बोर्ड, वरच्या सांध्यात सीलंट, दाराखाली पट्टी. दवाखाना आठ दिवस बंद राहिला. खुर्च्या त्याच ठेवल्या.

जड भिंत आवाज अडवते हे खरंच आहे, वजन दुप्पट झालं की साधारण पाच-सहा डेसिबलचा फरक पडतो, म्हणून नऊ इंची विटेला तोड नाही. पण हलकी दुहेरी भिंतही चांगला आवाज अडवते कारण दोन बोर्ड एकमेकांना चिकटलेले नसतात, मधे पोकळी आणि लोकर असते. मात्र कुठेही फट राहिली की सगळं व्यर्थ, समोरासमोर पाठीला पाठ लावून बसवलेले दोन स्विचबॉक्ससुद्धा पुरेसे होतात. आईबाबांच्या घरात बाबांना कमी ऐकू येतं त्यामुळे टीव्ही मोठा लागतो, आणि आई पहाटे उठते म्हणून नऊला झोपते. त्या दोन खोल्यांमधली भिंत नऊ इंची आहे. साडेबावीस चौरस फुटांतले काही फूट तिथे गेले आणि ते योग्यच गेले.

छताचा हिशोब. हा प्रत्येकानं फ्लॅट बुक करताना कागदावर करावा. पुण्यातल्या बऱ्याच फ्लॅटमधे स्लॅब ते स्लॅब साधारण १० फूट असतं. त्यातून पाच इंच स्लॅब, तीन इंच फरशी आणि तिच्याखालचा मसाला, राहिले ९ फूट ४ इंच. फॉल्स सीलिंग, आत लाईट बसवायचे, जीआयचा सांगाडा, आठ इंच गेले. ८ फूट ८ इंच. पंख्याचं पातं त्याच्याखाली फूटभर, कारण छताला चिकटलेला पंखा वारा देत नाही, त्याला वरून हवा ओढायला जागा लागते. ७ फूट ८ इंच. उंच माणसानं पलंगाशेजारी उभं राहून अंगातला शर्ट काढायला दोन्ही हात वर केले की बोटं कुठे पोचतात ते स्वतः मोजून बघा. राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या खोलीची उंची २.७५ मीटर सांगितली आहे, म्हणजे ९ फुटांच्या जराशी वर, एसी असलेल्या खोलीत फॉल्स सीलिंगच्या खालपर्यंत किमान २.४ मीटर चालतात, आणि बीमखालीही २.४ मीटर. म्हणजे एसीच्या खोलीत हे नियमात बसतं. पण वाईच्या उन्हाळ्यात, दुपारी लाईट गेलेली असताना, छत जेवढं वर तेवढं माणसाला बरं वाटतं हे मी वाड्यात आणि फ्लॅटमधे दोन्हीकडे राहून सांगते.

म्हणून आईबाबांच्या घरात आम्ही स्लॅब ते स्लॅब साडेदहा फूट ठेवले. पाच आणि तीन इंच वजा जाऊन ९ फूट १० इंच स्वच्छ उंची मिळते, दीड फुटी बीमखालीही ८ फूट ९ इंच. हॉलमधे फॉल्स सीलिंग फक्त कडेनं, दोन फुटी पट्टा, त्यात खिडकीच्या बाजूला पडद्याच्या रॉडसाठी सात इंची खाच. मधलं छत तसंच उघडं, नुसतं प्लास्टर. जिप्सम मला आवडतं, काम स्वच्छ होतं, बोर्डाचा सांगाडा नीट १८ इंचांवर आणि वरचे चॅनल ४ फुटांवर मारले तर वर्षानुवर्षं हलत नाही. पण जिप्समला पाणी चालत नाही. भिजलं की मऊ पडतं. आमच्याकडे महाबळेश्वरच्या पायथ्याचा पाऊस, पश्चिमेच्या भिंतीला ओल येणारच, तिथे आतून जिप्सम पनिंग (जिप्समचा गुळगुळीत लेप) करायचं नाही, सिमेंटचं प्लास्टर, हे मी आधीच लिहून दिलंय. बाथरूममधेही नाही. वरच्या बाथरूमचा न्हाणी ट्रॅप (जाळीखालचं पाणी निघून जायचं भांडं) जिथे येतो तिथे खालच्या छताला उघडता येणारी झडप ठेवलीय, कारण गळती आज ना उद्या होते आणि झडप नसेल तर प्लंबर छत फोडतो.

एसीच्या पाण्याचा पाईप विसरू नका. त्याला उतार लागतो, दहा फुटांना इंच-सव्वा इंच तरी, आणि तो उतार छताच्या आत मावायला हवा. मी असं सीलिंग बघितलंय जे एका टोकाला चार इंच आणि दुसऱ्या टोकाला दहा इंच उतरवावं लागलं, फक्त पाण्याचा पाईप उलट्या बाजूच्या डक्टला, म्हणजे पाईपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, न्यायचा होता म्हणून. एसीची भिंत आणि डक्टची भिंत जवळजवळ ठरवली असती तर पाईप खोलीत आलाच नसता.

आता फ्लॅटवाल्यांसाठी, कारण वाचणारे बहुतेक तेच असणार. बऱ्याच नवीन बिल्डिंगमधे मायवान शटरिंग वापरतात, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा स्लॅबबरोबरच ओतलेल्या काँक्रीटच्या. माझ्या मावसबहिणीनं असा फ्लॅट घेतला, पझेशन मिळाल्यावर मला बोलावलं, "ताई, स्वयंपाकघराची ही भिंत काढून ओपन किचन करून दे." मी भिंतीवर नाण्यानं टकटक केलं आणि तिला सांगावं लागलं की ही भिंत निघणार नाही, ही बिल्डिंगचा भार घेतेय, हिच्यात झिरीसुद्धा मारायची नाही. सॉकेट हलवायचे तर भिंतीवरून पट्टीतून वायर. तिला रडू आलं. बुकिंगच्या वेळी मजला पाचव्यापर्यंत पण आलेला नव्हता, तिचा अकरावा, तेव्हा बिल्डरकडे जाऊन निदान सॉकेट आणि एसीच्या पाईपची भोकं तरी मागता आली असती, काही बिल्डर ऐकतात, काही नाही, पण मागायची वेळ तीच असते. तुम्ही अजून पैसे भरताय आणि मजला ओतलेला नाही, तर आजच विचारा, भिंती कशाच्या आहेत.

माझी स्वतःची कामाची पद्धत सांगते. प्लॅन झाला की लगेच, फर्निचरच्या आधी, मी आरसीपी काढते, म्हणजे जमिनीवर मोठा आरसा ठेवला तर त्यात छत जसं दिसेल तसं ड्रॉइंग. त्यावर बीम, पंखे, लाईट, एसी, पडदे, झडपा, आणि आता कायमसाठी एक ओळ, टांगायच्या गोष्टी. पाळणा, झोपाळा, देवघरातली घंटा, आकाशकंदिलाचा हूक, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, जिममधला बार. मग प्रत्येक भिंतीचं समोरून चित्र, तिच्या पोटात काय, तिच्यावर काय, पलीकडे कोण झोपतं. ही ड्रॉइंग सुंदर दिसत नाहीत, क्लायंटला दाखवली तर ते थ्रीडी मागतात. मी थ्रीडी नंतर देते. आधी त्यांना छताकडे बघायला लावते, अगदी खरंच, आत्ताच्या घरात चटईवर झोपून वर बघा म्हणते आणि काय हवं ते सांगा. आईला हे करायला लावलं असतं तर तिनं झोपून वर बघत सांगितलं असतं, इथे कड्या, इकडे तोंड.

रविवारी स्लॅब झाला. ओतताना मी चारही हुकांपाशी आळीपाळीनं उभी होते, व्हायब्रेटर लागून हलू नयेत म्हणून. हुकांच्या पोटात थर्माकोल भरून प्लेटवर टेकवले होते. बीम मोठे आहेत त्यामुळे टेकू चौदा दिवस ठेवले, परवा काढले. थर्माकोल खरवडून काढला तेव्हा चारही हूक जागेवर, एक अर्धा इंच इकडे आहे, तेवढं कडीच्या दुव्यात जुळून जाईल.

मग टेप लावली. ९ फूट १० इंचांतून पाटाची उंची दीड फूट गेली, हूक आणि दुव्याचे चार इंच गेले, कडी हवी आठ फुटांची. वाड्यातल्या जुन्या कड्या सहा फुटांच्या आहेत, तिथलं छत खाली होतं. आईला म्हटलं आपण सगळ्या नवीन घेऊ. ती म्हणाली, "मुळीच नाही, एकेक दांडी फूटभराची आहे, दोन दोन वाढव." चार कड्यांना दोन दोन, आठ. बाबा एक जुनी दांडी नमुन्याला पिशवीत घालून गावातल्या तांबटाकडे गेले, मोर असलेली नको, हत्तीची दे असं आईनं चिठ्ठीत लिहून दिलंय कारण वरच्या बाजूला हत्तीच होते. दिवाळीपर्यंत देतो म्हणालाय.